शून्यबहुल मोजण्या आणि बहुस्तरीय प्रतिमाने : सॉफ्टवेअर निवडण्याआधी

गरोदरपणात किती वेळा तपासणी झाली, गावात महिन्याभरात हिवतापाचे किती रुग्ण सापडले, पाण्याच्या टाक्यात डासांच्या किती अळ्या निघाल्या, या प्रश्नांची उत्तरे पूर्णांकांत येतात आणि त्यांतली पुष्कळशी शून्य असतात. शिवाय ती एकमेकांपासून सुटी नसतात. स्त्रिया घरांत, घरे वस्त्यांत आणि वस्त्या जिल्ह्यांत असतात. एका वस्तीतल्या दोघींच्या उत्तरांत जितके साम्य आढळते, तितके दोन दूरच्या जिल्ह्यांतल्या दोघींच्या उत्तरांत आढळत नाही. शून्यांची गर्दी आणि स्तरांची उतरंड एकत्र आली की नेहमीचे रेषीय रिग्रेशन अपुरे पडते, साधे पॉयसन रिग्रेशनही पुरत नाही, आणि प्रश्न उभा राहतो तो साधनाचा. कोणते सॉफ्टवेअर दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाताळते? ते आतून कोणते गणित करते? त्याने दिलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? हे पुस्तक याच प्रश्नांसाठी लिहिलेले आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून पुस्तकाने एक भूभाग धरला आहे : राजस्थानातल्या जयपूर जिल्ह्याची आमेर तहसील. आमेर हे कछवाहा राजांचे जुने राजधानीचे ठिकाण. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवून राजधानी तिकडे नेली. आज आमेर गाव जयपूर शहराला जोडलेले आहे, पण तहसिलीच्या ग्रामीण भागात वस्ती ढाण्यांमधून, म्हणजे लहान विखुरलेल्या पाड्यांमधून पसरलेली आहे. शहराच्या मोठ्या रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर राहणारी स्त्री आणि आडबाजूच्या ढाणीत राहणारी स्त्री एकाच तहसिलीत मोडतात. प्रसूतिपूर्व तपासण्यांची संख्या दोघींच्या बाबतीत सारख्या कारणांनी ठरत नाही. एकीच्या शून्यामागे घरातली अडचण असेल, तर दुसरीच्या शून्यामागे एएनएम (आरोग्यसेविका) पोहोचलीच नाही हे कारण असेल. अशा ठिकाणी सरासरी फार थोडे सांगते.

या विषयावरची भारतातली प्रमुख सार्वजनिक आकडेवारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आहे. मुंबईत 1956 साली स्थापन झालेली देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण 1992–93 पासून चालवते. 2019–21 च्या पाचव्या फेरीत 6,36,699 कुटुंबे आणि 7,24,115 स्त्रिया आहेत. नमुना दोन टप्प्यांत घेतला जातो. आधी गाव किंवा शहरी गणनाखंड निवडतात, मग त्यातली साधारण 22 घरे. म्हणजे बहुस्तरीय रचना अभ्यासकाने मागून लादलेली नसते, ती आकडेवारीच्या जन्मातच असते. बहुटप्पी नमुनानिवडीचे शास्त्र घडवण्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याबरोबर साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. सुखात्म्यांचा नमुना सर्वेक्षणावरील इंग्रजी ग्रंथ 1954 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर अभ्यासला गेला. आज सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळींत लिहिली जाणारी स्तररचना त्या परंपरेतून आलेली आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये.

सर्वेक्षणाचे अंदाज मात्र जिल्ह्यापर्यंतच विश्वसनीय असतात. आमेर ही जिल्ह्याच्या खालची पातळी. तिथे नमुन्यात आलेली गावे थोडी आणि गावामागे पाच वर्षांत बाळंत झालेल्या स्त्रिया त्याहून थोड्या. अभ्यासकांना दिल्या जाणाऱ्या गावांच्या भौगोलिक नोंदीही गोपनीयतेसाठी मुद्दाम काही किलोमीटर सरकवलेल्या असतात. म्हणून तहसिलीबद्दल बोलायचे तर गावांनी एकमेकांच्या माहितीचा आधार घ्यावा लागतो, आणि बहुस्तरीय प्रतिमान नेमके तेच करते. लहान गटांत, शून्यांनी भरलेल्या स्तंभांवर हे काम करताना सॉफ्टवेअरमधला फरक सर्वांत जास्त जाणवतो.

शून्ये पुष्कळ असणे आणि शून्ये अपेक्षेपेक्षा जास्त असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिमेऑं दनी पॉयसन यांनी 1837 मध्ये मांडलेले वितरण लादिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी 1898 मध्ये प्रशियन घोडदळातल्या, घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंना लावून दाखवले. चौदा तुकड्या आणि वीस वर्षे, अशा 280 नोंदींपैकी 144 नोंदींत मृत्यू शून्य होते. निम्म्याहून अधिक शून्ये पाहून आजचा घाईचा अभ्यासक लगेच शून्याधिक्याचे प्रतिमान शोधील. पण एकूण मृत्यू 196 होते, सरासरी 0.7, आणि या सरासरीला पॉयसन वितरण 139 शून्ये अपेक्षितच धरते. तिथे जादा असे काही नव्हते. डेव्हिड वॉर्टन यांनी 2005 मध्ये परिसरशास्त्रातल्या आकडेवारीवर हीच गोष्ट पुन्हा दाखवली.

उलट बाजूचे उदाहरण आमेरच्या धर्तीवर सहज रचता येते. तपासण्यांची सरासरी 3 असेल तर पॉयसन वितरणानुसार शंभरात पाचच स्त्रिया शून्यावर असाव्यात. प्रत्यक्षात एकोणीस आढळल्या तर? समजा निम्म्या गावांत सरासरी 1 आहे आणि निम्म्या गावांत 5. दोन्हीकडे निव्वळ पॉयसन वितरणच चालू आहे, कोणतीही वेगळी शून्ये नाहीत. तरी सगळ्या स्त्रिया एकत्र मोजल्या की सरासरी 3 येते आणि शून्ये शंभरात जवळजवळ एकोणीस होतात. ती गावागावांतल्या फरकाने निर्माण केली. आता गावातच स्त्री-स्त्रीत फरक आहे असे धरून ऋण द्विपद वितरण घेतले, आणि त्याचा विस्तार-प्राचल 1 ठेवला, तर त्याच सरासरीला शंभरात पंचवीस शून्ये अपेक्षित होतात. म्हणून आधी स्तर, मग अतिविस्तार (पॉयसन वितरणाच्या अपेक्षेपेक्षा मोठा फरक) आणि सर्वांत शेवटी शून्याधिक्य या क्रमाने तपासणी व्हावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. क्रम उलटला की गावाचा फरक शून्यांच्या खात्यात जमा होतो, आणि त्यावर आधारलेला सल्लाही चुकीच्या जागी जातो. गावाला आरोग्यसेविका हवी असते आणि अहवाल मात्र स्त्रीच्या अनास्थेबद्दल लिहिला जातो.

जादा शून्ये खरोखर आहेत असे ठरल्यावर दोन घराणी समोर येतात. पहिले हर्डल प्रतिमानांचे, म्हणजे उंबरठ्याच्या कल्पनेचे. आधी घराबाहेर पडून पहिली तपासणी झाली की नाही हे एका प्रक्रियेने ठरते, आणि उंबरठा ओलांडल्यावर एकूण किती तपासण्या झाल्या हे दुसऱ्या. इथे सगळी शून्ये एकाच प्रकारची. जॉन मुलाही यांनी 1986 मध्ये मोजणीच्या आकड्यांसाठी ही मांडणी केली. दुसरे घराणे शून्याधिक्य प्रतिमानांचे. त्यात शून्ये दोन जातींची धरतात. काही स्त्रियांपर्यंत सेवा पोहोचणे शक्यच नव्हते, त्यांचे शून्य अटळ. इतरांना ती शक्य होती, पण योगायोगाने एकही तपासणी झाली नाही. डायान लॅम्बर्ट यांनी 1992 मध्ये बेल लॅबमधून प्रसिद्ध केलेला निबंध या घराण्याचा पाया मानला जातो. त्यांचा विषय होता इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरच्या सोल्डरिंगमधले दोष. यंत्र व्यवस्थित लागलेले असताना दोष जवळजवळ होतच नाहीत, ते बिघडले की पॉयसन वितरणाप्रमाणे होऊ लागतात, अशी त्यांची कल्पना होती. त्याआधी 1920 मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या अपघातांसाठी ऋण द्विपद वितरण वापरले होते, आणि अनेकदा ते एकटेच पुरेसे ठरते.

दोन घराण्यांतली निवड केवळ आकड्यांवर सोडता येत नाही. दोन्ही प्रतिमाने एकाच आकडेवारीला जवळपास सारखीच जुळतात, असे नेहमी घडते. फार काळ दोन प्रतिमाने ताडून पाहणाऱ्या वूंग कसोटीचा दाखला दिला जात असे. ती शून्याधिक्य ओळखण्यासाठी लावणे चुकीचे आहे, हे पॉल विल्सन यांनी 2015 मध्ये दाखवून दिले, तरी प्रबंधांतून ती अजून भेटते. निवडीचा खरा आधार क्षेत्राची ओळख हा आहे. प्रसूतिपूर्व तपासणीत पहिल्या भेटीचा उंबरठा स्पष्ट दिसतो, म्हणून तिथे हर्डल प्रतिमान जास्त शोभते. टाक्यांतल्या अळ्यांच्या मोजणीत झाकण घट्ट असलेल्या टाक्यात अळ्या असूच शकत नाहीत, तर उघड्या टाक्यात त्या असू शकतात किंवा नसूही शकतात. तिथे दोन जातींची शून्ये पटतात.

शून्याचा अर्थ किती गंभीर असू शकतो याचे राजस्थानातलेच उदाहरण नारूचे आहे. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याच्या रिवाजातून हा रोग पसरत असे. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम 1983–84 मध्ये सुरू झाला, देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. त्या अखेरच्या वर्षांत गावांकडून रुग्णसंख्या शून्य असल्याचा अहवालही मागवला जाई. अहवाल आला नाही याचा अर्थ शून्य, असे समजायला मुभा नव्हती. गडचिरोलीतल्या हिवतापाच्या आकड्यांनाही हीच शिस्त लागते. ज्या गावात महिन्याभरात रक्ताचे नमुनेच घेतले गेले नाहीत, तिथले शून्य रोगाविषयी काहीच सांगत नाही. तपासलेल्या नमुन्यांची संख्या प्रतिमानात ऑफसेट म्हणून घालावी लागते, आणि नमुना नसलेली नोंद वगळावी लागते. कोरी जागा आणि शून्य यांत गल्लत झाली तर पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर घेतले तरी ते चुकीच्याच प्रश्नाचे उत्तर काढत बसते.

आता स्तरांकडे. बहुस्तरीय प्रतिमानांचा एक उगम पशुपैदाशीच्या अभ्यासात आहे, दुसरा शिक्षणसंशोधनात. विद्यार्थी वर्गात, वर्ग शाळेत, या रचनेवर लंडनमध्ये हार्वी गोल्डस्टीन यांनी आणि अमेरिकेत ब्रिक व राउडनबुश यांनी काम केले. गोल्डस्टीन यांच्या गटातून एमएलविन हे सॉफ्टवेअर आले, तर ब्रिक-राउडनबुश यांच्या कामातून एचएलएम. नेल्डर आणि वेडरबर्न यांनी 1972 मध्ये सामान्यीकृत रेषीय प्रतिमानांची एकत्र मांडणी केली होतीच. या दोन प्रवाहांचा संगम झाल्यावर मोजणीच्या आकड्यांनाही गावाचा, जिल्ह्याचा यादृच्छिक परिणाम जोडता येऊ लागला. शून्याधिक्याला यादृच्छिक परिणामाची जोड डॅनियल हॉल यांनी 2000 साली दिली, आणि 2005 मध्ये यॉंगयी मिन व ॲलन ॲग्रेस्टी यांनी हर्डल प्रतिमानाची बहुस्तरीय बाजू पुढे नेली. म्हणजे हा विषय पंचवीस वर्षांचाच आहे, आणि सॉफ्टवेअर त्यामागून धावत आले.

अडचण कुठे येते? गावाचा यादृच्छिक परिणाम कोणी पाहिलेला नसतो. म्हणून त्याच्या सगळ्या संभाव्य किमतींवर इंटिग्रेशन करून लाइकलिहूड काढावे लागते. रेषीय प्रतिमानात हे इंटिग्रेशन कागदावर सुटते, पॉयसन आणि लॉजिट प्रतिमानांत सुटत नाही. तिथे काहीतरी अंदाजी मार्ग घ्यावा लागतो, आणि कोणते सॉफ्टवेअर कोणता मार्ग घेते हाच त्यांच्यातला खरा भेद आहे. खिडक्या, मेनू, आलेख या गोष्टी दुय्यम आहेत.

सर्वांत जुना आणि झटपट मार्ग दंडित अर्ध-लाइकलिहूडचा. ब्रेस्लो आणि क्लेटन यांनी 1993 मध्ये तो लोकप्रिय केला. मोजण्या मोठ्या असतील तेव्हा तो चालतो, पण गटात नोंदी थोड्या आणि आकडे लहान असतील तर गावागावांतला फरक तो कमी दाखवतो. शून्यबहुल आकडेवारी म्हणजे लहान आकडेच, तेव्हा हा मार्ग इथे टाळावा. दुसरा लाप्लासचा. त्यात प्रत्येक गावासाठी सर्वांत संभाव्य बिंदू शोधून त्याच्या भोवती घंटेच्या आकाराचा वक्र बसवला जातो. तो वेगवान आहे, पुष्कळ स्तर पेलतो, आणि गटात नोंदी बऱ्यापैकी असल्या तर अचूकही असतो. पण गावामागे पाच-सहा स्त्रिया आणि त्यांतल्या बहुतेक शून्यावर, अशा स्थितीत खरा वक्र घंटेसारखा राहत नाही. तिसरा अनुकूली गाउस-हर्मिट क्वाड्रेचरचा. एका बिंदूऐवजी पाच, सात, पंधरा बिंदूंवर मोजून तो अचूकता वाढवतो. त्याची किंमत मात्र यादृच्छिक परिणामांच्या संख्येबरोबर भराभर वाढते. सात बिंदू घेतले आणि परिणाम एकच असला, तर गावामागे सात वेळा गणित करावे लागते. शून्याच्या भागात आणि मोजणीच्या भागात प्रत्येकी एक छेद व एक उतार यादृच्छिक ठेवला की परिणाम चार होतात आणि गणित 2,401 वेळा.

चौथा मार्ग बेझीय. एका बिंदूच्या शोधाऐवजी मार्कोव्ह साखळीने संपूर्ण वितरणातून नमुने घ्यायचे. बग्ज आणि जॅग्ज या सॉफ्टवेअरनी ही वाट सामान्य अभ्यासकापर्यंत आणली, आणि 2012 मध्ये आलेल्या स्टॅनने ती गुंतागुंतीच्या प्रतिमानांसाठी खूप सुकर केली. वेळ लागतो, पूर्वधारणा लिहाव्या लागतात, साखळ्या नीट मिसळल्या का हे पाहावे लागते. त्याच्या बदल्यात लहान गटांतली अनिश्चितता प्रामाणिकपणे समोर येते. पाचवी वाट रू, मार्तिनो आणि शोपें यांनी 2009 मध्ये मांडलेल्या इन्लाची. ती बेझीयच आहे, पण साखळीऐवजी लाप्लासच्या थरांवर थर लावते. शेजारच्या तालुक्यांचा एकमेकांवरचा प्रभाव मोजायचा असेल तर ती फार उपयोगी पडते. मात्र तिच्या नेहमीच्या शून्याधिक्य वितरणांत जादा शून्याची संभाव्यता सगळ्यांसाठी एकच असते. ती स्त्रीच्या शिक्षणाप्रमाणे बदलते असे लिहायचे तर वळसा घ्यावा लागतो.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की सॉफ्टवेअरची गर्दी ओळखीची वाटू लागते. एसपीएसएस महाराष्ट्रातल्या आणि राजस्थानातल्या अनेक महाविद्यालयांत शिकवले जाते. त्यात पॉयसन आणि ऋण द्विपद मिश्र प्रतिमाने आहेत, पण बहुस्तरीय शून्याधिक्याची सोय त्याच्या मेनूत नाही. केवळ सवयीमुळे तिथेच थांबणाऱ्या विद्यार्थ्याला आपला प्रश्नच कापून लहान करावा लागतो, आणि ही हानी कोणत्याही परवान्याच्या खर्चापेक्षा मोठी आहे. एसएएस पुण्या-मुंबईच्या औषधचाचणी क्षेत्रात मुरलेले आहे. त्याच्या एनएलमिक्स्ड कार्यप्रणालीत लाइकलिहूड स्वतः लिहून क्वाड्रेचरने जुळवता येते. ज्याला सूत्र लिहिता येते त्याला तिथे मोठे स्वातंत्र्य आहे, पण आरंभीच्या किमती चुकल्या तर ती भरकटते. स्टाटात एकस्तरीय शून्याधिक्याच्या आज्ञा आहेत आणि बहुस्तरीय पॉयसन व ऋण द्विपदाच्याही. दोन्ही एकत्र करणारी तयार आज्ञा त्यात दीर्घकाळ नव्हती. मात्र सर्वेक्षणाचे भारांक प्रत्येक स्तरावर वेगळे देण्याची स्टाटातली व्यवस्था चोख आहे, आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या आकडेवारीत हा गुण फार मोलाचा ठरतो. एमप्लस सुप्त चलांच्या भाषेत विचार करते. ज्याला तपासण्यांच्या संख्येबरोबर सुप्त वर्ग किंवा मध्यस्थ चलेही एका प्रतिमानात हवी आहेत त्याने ते घ्यावे.

सर्वांत विस्तीर्ण मैदान आरचे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ही भाषा मोफत आहे आणि तिचा प्रत्येक भाग उघडून पाहता येतो. पीएससीएल हे पॅकेज शून्याधिक्य आणि हर्डल दोन्ही देते, पण स्तर देत नाही. एलएमईफोर स्तर देते, पण शून्याधिक्य देत नाही. ही पोकळी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीएलएमएमटीएमबीने भरली. ते लाप्लास मार्गाने चालते, वेगवान आहे, दोन्ही घराणी आणि अनेक स्तर पेलते. त्याची एक मर्यादा ठळकपणे सांगायला हवी. शून्याच्या भागातला गावाचा परिणाम आणि मोजणीच्या भागातला गावाचा परिणाम ते एकमेकांपासून स्वतंत्र धरते. आमेरसारख्या ठिकाणी हे गृहीतक शंकास्पद आहे, कारण ज्या ढाणीत पहिली तपासणीच दुर्मीळ, तिथे चौथीही दुर्मीळ असण्याचाच संभव अधिक. हा सहसंबंध मोजायचा असेल तर स्टॅनवर चालणारे ब्रम्स घ्यावे, किंवा एकच गटचल पुरत असेल तर क्वाड्रेचरवर चालणारे जीएलएमएम-ॲडॅप्टिव्ह. जॅरड हॅडफील्ड यांचे एमसीएमसीजीएलएमएमही हा सहसंबंध देते, पण त्यातल्या पूर्वधारणा लिहिणे नवख्याला जड जाते.

नव्या अभ्यासकाने जीएलएमएमटीएमबीने आरंभ करावा आणि निष्कर्ष लिहिण्याआधी तेच प्रतिमान ब्रम्समध्ये जुळवून पाहावे, हा या पुस्तकाचा कल आहे. दोन्हींत गुणक जवळपास सारखे आले तर लाप्लासचा अंदाज पुरेसा होता. गावांतल्या फरकाची किंमत बरीच वेगळी आली तर लहान गटांनी लाप्लासला दगा दिला आहे, आणि बेझीय उत्तराकडे झुकावे. पण आधी तिथल्या पूर्वधारणेचा प्रभाव किती हे बदलून पाहावे.

दोन साधनांनी एकच गोष्ट मोजण्याची ही शिस्त आमेर-जयपूरच्या मातीत जुनी आहे. सवाई जयसिंगांनी आपल्या खगोलकोष्टकांच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे की पितळी यंत्रे लहान असतात, त्यांच्यावर कलांचे विभाग पाडता येत नाहीत, आस झिजतो आणि केंद्र सरकते. म्हणून त्यांनी दगड-चुन्यात प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरचे बृहत् सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. आणि एका ठिकाणच्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा ठिकाणी वेधशाळा उभ्या केल्या. यंत्राची चूक आणि आकाशातली गोष्ट वेगळी करायची तर दुसरे यंत्र लागते, हे त्यांनी ओळखले होते. संगणकावरच्या अंदाजांना हे तितकेच लागू आहे.

दोन सॉफ्टवेअरची उत्तरे ताडताना काही खाचखळगे आधीच माहीत असावे लागतात, नाहीतर सारखीच उत्तरे विरुद्ध वाटतात. ऋण द्विपदाचा विस्तार-प्राचल आरमध्ये बहुधा थीटा म्हणून येतो आणि स्टाटात अल्फा म्हणून. एक दुसऱ्याचा व्यस्त आहे. पीएससीएलच्या हर्डल प्रतिमानात शून्याचा भाग उंबरठा ओलांडण्याची संभाव्यता सांगतो, तर शून्याधिक्य प्रतिमानात तो अटळ शून्याची संभाव्यता सांगतो. जीएलएमएमटीएमबीत हर्डल असले तरी तो भाग शून्याचीच संभाव्यता सांगतो. म्हणजे आईच्या शिक्षणाचा गुणक एका ठिकाणी धन आणि दुसऱ्या ठिकाणी ऋण येईल, आणि दोन्ही एकच गोष्ट म्हणत असतील. भारांकांचेही तसेच. काही पॅकेजे भारांक ही नोंदीची पुनरावृत्ती समजतात, त्यामुळे प्रमाणत्रुटी अवाजवी लहान येते.

सॉफ्टवेअर इशारा देऊन थांबते तेव्हाही घाई नको. हेसियन मॅट्रिक्स धन-निश्चित नाही हा संदेश बहुतेक वेळा प्रतिमान आकडेवारीपेक्षा मोठे झाल्याची खूण असते. शून्याच्या भागात इतकी चले घातलेली असतात की एखाद्या गटात सगळीच शून्ये किंवा एकही शून्य नाही अशी स्थिती येते आणि गुणक अनंताकडे पळतो. अशा वेळी दुसरे सॉफ्टवेअर शोधत फिरण्याआधी शून्याचा भाग लहान करून पाहावा. जुळलेल्या प्रतिमानातून कृत्रिम आकडे तयार करून त्यांतली शून्ये खऱ्या शून्यांशी ताडावीत. आरमधले धर्मा हे पॅकेज हे काम सोपे करते, आणि ते प्रत्येक प्रकरणात वापरले आहे.

हा विषय आताच महत्त्वाचा का झाला, याला कारण आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या व्यक्तिगत पातळीवरच्या फाइली अभ्यासकांना विनाशुल्क मिळू लागल्या. आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत दरमहा प्रत्येक केंद्राचे आकडे भरले जातात. गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारी राजस्थानची स्वतःची संगणकीय व्यवस्था आहे. 2016 पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासण्या होतात, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने किमान चार भेटींऐवजी आठ संपर्कांची शिफारस केली. चार भेटी झाल्या की नाही एवढेच विचारणारा अभ्यास आता पुरत नाही. शून्य, एक, तीन आणि आठ यांतला फरक समजून घ्यायचा तर मोजणीचेच प्रतिमान हवे. दुसरीकडे साधा लॅपटॉप आता तासाभरात ते गणित करतो, ज्यासाठी पूर्वी विद्यापीठाच्या संगणक केंद्रात रांग लावावी लागे. साधने हाताशी आली, पण त्यांचे अंतरंग मराठीत समजावणारे लिखाण मात्र तुरळक राहिले. जिल्हा आरोग्य कार्यालयातला सांख्यिकी अधिकारी, लोकसंख्याशास्त्राची पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी, स्वयंसेवी संस्थेतला आकडेवारी सांभाळणारा कार्यकर्ता, या सगळ्यांना इंग्रजी नियमावली वाचूनच वाट काढावी लागते. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

पुस्तकाने दोन प्रकारची आकडेवारी घेतली आहे. एक जयपूर जिल्ह्याच्या सर्वेक्षणाची खरी. दुसरी आमेर तहसिलीच्या धर्तीवर रचलेली कृत्रिम. तीत गावांमधला फरक, अटळ शून्यांचे प्रमाण आणि दोहोंतला सहसंबंध किती ठेवला आहे हे आधीच ठाऊक असते. खऱ्या आकडेवारीत उत्तर कोणालाच माहीत नसते, त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर चुकले हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. कृत्रिम आकडेवारीत ते होते. गावामागे पाच, दहा, वीस स्त्रिया धरून लाप्लास, क्वाड्रेचर आणि स्टॅन यांची उत्तरे मूळ किमतीपासून किती दूर जातात हे वाचकाने स्वतः चालवून पाहावे, अशी पुस्तकाची योजना आहे. वाचकाला साधे रिग्रेशन आणि लॉगरिदम येत असल्यास पुरे. इंटिग्रेशनचे गणित जिथे टाळता आले नाही तिथे ते आकृतीने समजावले आहे.

काही गोष्टी पुस्तकाने मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. आमेरला लागून असलेल्या नाहरगडच्या डोंगरात कॅमेरा लावून बिबट्यांची मोजणी केली तर बहुतेक रात्रींची नोंद शून्य येते. पण त्या शून्यात बिबट्या नव्हता आणि बिबट्या होता पण कॅमेऱ्यात आला नाही या दोन शक्यता मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्यासाठी एकाच जागी पुनःपुन्हा नोंदी घ्याव्या लागतात आणि प्रतिमानांचे एक निराळेच घराणे लागते. काळाबरोबर पुढे जाणाऱ्या शून्यबहुल मालिका, म्हणजे केंद्राकेंद्रांचे मासिक आकडे, यांना शेवटच्या प्रकरणात स्पर्शच केला आहे. स्थानिक सहसंबंधाची प्रतिमाने इन्लाच्या संदर्भात येतात तेवढीच. पायथन भाषेतल्या साधनांची ओळख परिशिष्टात आहे, कारण तिथे एकस्तरीय शून्याधिक्य तयार मिळते, पण बहुस्तरीय काम पायएमसीसारख्या बेझीय पॅकेजमध्ये प्रतिमान स्वतः लिहून करावे लागते.

संज्ञांच्या बाबतीत शासकीय परिभाषाकोशातला शब्द रुळलेला असेल तर तो घेतला आहे, नसेल तर प्रयोगशाळेत आणि वर्गात बोलला जाणारा इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवला आहे. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलत राहतात. त्यामुळे आज्ञांच्या फाइली छापील पानांपासून वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक फाइलीच्या आरंभी ती कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिली याची नोंद आहे.